सामान गाडीत चढल्यावर ठरणारा भाव: पॅकर्स अँड मूव्हर्स कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांचे मालक आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी
प्रत कार्यवाहीसाठी: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली, परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

"मॅडम, कोटेशनवर 'अंदाजे' लिहिलंय ना? मग वाद कशाचा?"

तुमच्यातल्याच एका कंपनीच्या ऑफिसातून मला मिळालेलं हे उत्तर. मी तक्रार लेखी केली होती, सोबत बिल आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जोडले होते. लेखी उत्तर आलंच नाही. फोन आला, त्यात एवढंच. चोवीस हजारांचा आकडा सदतीस हजारांवर गेला तरी चोवीस हा 'अंदाज' होता, त्यामुळे कुणाचं काही चुकलं नाही, असा त्या गृहस्थांचा युक्तिवाद. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या हात झटकून मोकळ्या होतात, आणि माझं म्हणणं तर धंद्याच्या रीतीबद्दल आहे.

मी बँकेत अधिकारी आहे. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. नाशिक, कोल्हापूर, पुणे आणि आता नागपूर असा माझा संसार ट्रकमधून फिरला आहे. शाखेत कुणाची ऑर्डर निघाली की पेढ्यांच्या आधी कोटेशनं माझ्या मोबाइलवर येऊन पडतात: "मॅडम, जरा बघता का, यात कुठे गोम आहे ते?" त्यामुळे तुमची कोटेशनं मी भरपूर वाचली आहेत. आयुष्यभर कर्जाची कागदपत्रं वाचलेल्या माणसालाही ती धड उमगत नाहीत, आणि तसं ती उमगू नयेत याची काळजी घेतलेली असते अशी माझी आता खात्री झाली आहे.

पुण्याहून नागपूरला येतानाचं सांगते. कोथरूडमधलं दोन बेडरूमचं घर. एका संकेतस्थळावर मोबाइल नंबर टाकला आणि चहाला आधण येईपर्यंत फोन सुरू झाले. कुणी एकोणीस हजार म्हणालं, कुणी चोवीस, कुणी तीस, एकाने अडतीस सांगितले. सामान तेच, रस्ता तोच, तारीखही तीच. अडतीसवाल्याने तेवढा माणूस पाठवला होता. त्याने माळा उघडायला लावला, बाल्कनीत डोकावला, लिफ्टचं दार टेपने मोजलं, सोसायटीच्या गेटातून मोठी गाडी आत येईल का ते वॉचमनला विचारलं. बाकी सगळ्यांनी फोनवरच भाव केला. काम चोवीसवाल्याला गेलं. "टोल, डिझेल, लोडिंग, अनलोडिंग सगळं त्यातच, मॅडम, वर एक रुपया नाही," हा त्याचा संदेश अजून माझ्याकडे आहे.

गाडी भरून झाली, ताडपत्री ओढली, दोर आवळले, आणि मग सुपरवायझर वही घेऊन वर आला. सामान जास्त निघालं, सहा हजार वाढतील. काय जास्त निघालं? घरघंटी, माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्या आणि पुस्तकांची खोकी. फोनवर मला फ्रिज, वॉशिंग मशीन, बेड, सोफा आणि कपाट एवढंच विचारलं होतं. मराठी घराला माळा असतो आणि तो कधीच रिकामा नसतो, हे रोज दोन घरं हलवणाऱ्या माणसाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. नागपुरात गाडी लागली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, समृद्धीवरून आणलंय, टोलचे अडीच हजार. फास्टॅगचा हिशोब दाखव म्हटलं तर तो मालकाकडे. तिसऱ्या मजल्याचे पंधराशे. मजला कोटेशनवर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलेला होता. आणि उतरवणारी पोरं 'इथली' म्हणून त्यांचे तीन हजार वेगळे. झाले सदतीस. ताडपत्रीची गाठ सुटली ती पैसे पोचल्याचा मेसेज आल्यावर.

या चारही रकमा वाजवी होत्या असं घटकाभर धरू. तरी त्या सांगितल्या कधी ते बघा. सामान घरात असतं तेव्हा मी 'नको' म्हणू शकते, दुसऱ्याला फोन करू शकते, घासाघीस करू शकते. तेच सामान ताडपत्रीखाली गेलं की माझ्या हातात काही उरत नाही. मागे घरमालकाला किल्ली द्यायची असते, कारण त्याचा नवा भाडेकरू दुसऱ्या दिवशी येणार असतो. पुढे सोसायटीने सामान चढवायला संध्याकाळी सहापर्यंतचीच वेळ दिलेली असते. सोमवारी मला शाखेत रुजू व्हायचं असतं. तुमच्या धंद्यातला खरा भाव नेमका याच वेळी ठरतो, आणि माझी तक्रार मुळात एवढीच आहे. बाकीचं सगळं तिच्या पोटात येतं.

खर्च कशाकशाचा होतो हे आम्हाला कळत नाही अशातला भाग नाही. गाडी हा सगळ्यात मोठा खर्च. चौदा फुटी गाडीचा हौदा सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच धरला तर त्यात पाचशे घनफूट जागा होते. दोन दारांचा फ्रिज त्यातली वीस-बावीस घनफूट खातो. म्हणजे खोल्या किती यापेक्षा सामान किती घनफूट हा खरा प्रश्न आहे. पुस्तकवेड्या माणसाची एक खोली नव्या जोडप्याच्या अख्ख्या घराला भारी पडते. नागपूरला गेलेली गाडी परत येताना भाडं मिळालं नाही तर रिकाम्या फेरीचं डिझेल कुणीतरी भरायचंच. मे-जूनमध्ये शाळा आणि बदल्या एकदमच येतात. महिनाअखेरीला अकरा महिन्यांचे करार संपतात. अशा वेळी भाव चढणार, आणि पितृपंधरवड्यात घर हलवायला कुणी धजत नाही तेव्हा तो उतरणार. (आमच्या शाखेतला एक नास्तिक दर वेळी हाच मुहूर्त पकडतो आणि वर्षभर त्याच्या बढाया ऐकवतो.) मजला, लिफ्ट, गेटापासून दारापर्यंतचं अंतर, एसी काढणं-बसवणं, पलंग खोलायला सुतार, टीव्हीला लाकडी चौकट, या सगळ्याचे पैसे पडतात. घ्या ना. पण यातली एकही गोष्ट अशी नाही, जी अर्धा तास घर बघून आधी लिहिता येत नाही.

आता तक्रारी. पहिली या न बघता दिलेल्या भावाचीच, ती सांगून झाली. तिच्यामुळे तुमच्यातलेच चांगले लोक मरतात एवढं जोडते. माळा उघडून बघणारा अडतीस म्हणतो आणि हरतो. न बघणारा चोवीस म्हणतो, जिंकतो आणि सदतीस घेऊन जातो. पुढच्या वेळी अडतीसवाल्याने शहाणपण कुठून शिकायचं?

दुसरी तक्रार त्या छापील फॉर्मची. 'जकात' हा रकाना अजून त्यावर आहे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेली, बाकी शहरांत ती त्याआधीच संपली होती. रकाना रिकामा असता तर मी तो आठवणीतला दागिना म्हणून सोडून दिला असता, पण आमच्या एका शिपायाच्या कोटेशनवर त्यात पाचशे रुपये भरलेले होते. दुसऱ्या एकावर 'ई-वे बिल खर्च' होता, म्हणजे माल नेताना जीएसटीखाली ऑनलाइन काढायच्या कागदाचा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही. जीएसटी नियम १३८ खालच्या सूट दिलेल्या वस्तूंच्या यादीत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. 'स्टॅटिस्टिकल चार्ज' म्हणजे काय हे तर मला आजवर एकाही कंपनीच्या माणसाने सांगितलेलं नाही. हसून "तो असतोच" म्हणतात. आणि तळाला बारीक अक्षरांत 'जीएसटी वेगळा'. चोवीस हजारांवर १८ टक्के म्हणजे चार हजार तीनशे वीस रुपये. ही काही तळटीपेत टाकायची रक्कम नाही.

तिसरी तक्रार त्याच जीएसटीवरून खेळल्या जाणाऱ्या पुढच्या डावाची. "बिल नको असेल तर टॅक्स लागणार नाही." माणसाला चार हजार वाचल्याचा आनंद होतो. पण बिल नाही म्हणजे पुढे काही फुटलं, हरवलं, अडलं तर दाखवायला कागद नाही. बिल न देणं हाच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार आहे. आम्हा बदलीवाल्यांना तर उलटा प्रश्न येतो: "मॅडम, बिल कितीचं बनवू?" आमच्याकडे भाड्याची भरपाई बिलावर मिळते हे तुम्हाला ठाऊक असतं. मागेल तेवढ्या आकड्याचं बिल आणि त्याला शोभणारी बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) हासुद्धा तुमच्या सेवेचा भाग होऊन बसला आहे. यात आमचे लोकही सामील आहेत, मी त्यांना पाठीशी घालत नाही. पण कागदावरचा आकडा आणि खरा आकडा यांचा संबंध तुटला की कुठल्याच कोटेशनला अर्थ उरत नाही, खऱ्यालाही नाही.

चौथी तक्रार विम्याची, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त अंधार इथेच आहे. कोटेशनवर ओळ असते: 'ट्रान्झिट इन्शुरन्स ३ टक्के'. सामानाची किंमत चार लाख लिहिली तर बारा हजार. ऐकणाऱ्याला वाटतं, विमा उतरवला. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा विमा कंपनी चित्रातच नसते. पैसे तुमच्या खात्यात जातात आणि काही मोडलं तर 'बघू' असं तोंडी आश्वासन मिळतं. विमा असेल तर त्याला विमा कंपनीचं नाव असतं, पॉलिसी क्रमांक असतो, माझ्या नावाचं प्रमाणपत्र असतं. ते मागितलं की "डिलिव्हरीनंतर मेल करतो" हे उत्तर मला मिळालं आहे. प्रवास संपल्यावर प्रवासाचा विमा!

मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो: किंमत कमी लिही, तीन टक्के कमी बसतील. त्याने काय होतं ते फॉर्मवर कुणी लिहीत नाही. रस्त्याने मालवाहतूक करण्याचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आहेत. वेगळा करार करून जास्त जोखीम दिलेली नसेल तर मालाच्या नुकसानीची वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपुरती, आणि तीही ग्राहकाने लिहून दिलेल्या किमतीच्या वर नाही. भाडं वीस हजार असेल तर हद्द दोन लाख. आणि हप्ता वाचवायला मी सामानाची किंमत पन्नास हजार लिहिली असेल तर पन्नास हजारच, मग आतला टीव्ही एकटा साठ हजारांचा का असेना. खरी विमा पॉलिसी असली तरी किंमत कमी लिहिली की भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. आणि मी स्वतः बांधलेल्या खोक्यातलं फुटलं तर बहुतेक ठिकाणी ते धरतच नाहीत. हे सगळं सही घेण्याआधी दोन ओळींत सांगायला काय हरकत आहे? त्याच कायद्यात आणखी एक काटा आहे: दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. तुमचे लोक "मॅडम, क्लेम प्रोसेसमध्ये आहे" म्हणत पाच-सहा महिने सहज काढतात.

पाचवी: माझं सामान नेतंय कोण? बुकिंग एका नावाने, पॅकिंगला आलेली माणसं दुसऱ्याची, गाडीवर तिसरंच नाव, पैसे एका खाजगी माणसाच्या यूपीआयवर. 'स्वतंत्र गाडी' म्हणून पैसे घ्यायचे आणि वाटेत कुठल्या तरी गोदामात सामान उतरवून दुसऱ्याच्या पार्ट लोडमध्ये, म्हणजे अनेकांचं सामान एकत्र नेणाऱ्या गाडीत, चढवायचं, हे तर सर्रास. प्रत्येक चढउतारीत एक कोपरा टवकतो. आईच्या शिसवी पाटाला जो तडा गेला आहे, त्याची जागा पुणेही नाही आणि नागपूरही नाही, एवढंच मला ठाऊक आहे. २००७ च्या कायद्यात नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, आणि दलाल, एजंट, माल बुक करणाऱ्या कंपन्या हेही त्यात धरलेले आहेत. मला आलेल्या कोटेशनांपैकी एकावरही तो नोंदणी क्रमांक छापलेला नव्हता.

हमालीचा प्रश्न मी तक्रार म्हणून मांडत नाही, कारण त्यात माझी बाजू एकटी नाही. डबल डोअर फ्रिज पट्ट्याने पाठीला बांधून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवणारा माणूस मी जवळून पाहिला आहे. मधल्या वळणावर तो गुडघ्यात वाकून भिंतीला टेकला, श्वास घेतला, आणि खालच्याला "सोडू नको रे" एवढंच म्हणाला. त्याला दिवसाचे किती मिळाले असं मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलेला आकडा आणि कोटेशनवरचा लोडिंग-अनलोडिंगचा आकडा यांची एकमेकांशी ओळखही नव्हती. मग तो माझ्यापाशी चहापाण्याचे मागतो आणि भांडण आमच्या दोघांत लागतं. तुम्ही बाजूला. आपल्या राज्यात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, तो याच माणसांसाठी झाला. त्याच्या नावाखाली काही टोळ्या गेटावर उभ्या राहून वसुली करतात हेही खरं, पण ते वेगळं दुखणं आहे. वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी ट्रकवाल्याकडूनच घेतल्या जाणाऱ्या पैशांच्या, विरोधात ट्रकवाले वर्षानुवर्षं घोषणा देत आले, "ज्याचा माल त्याचा हमाल". घरसामानाच्या बाबतीत माल माझा, ठेका तुमचा आणि हमालीचे पैसे मी आधीच तुमच्याकडे भरलेले. तेव्हा हमाल तुमचा. त्याची मजुरी तुम्ही द्या, पुरेशी द्या, आणि जागेवर पोचल्यावर माझ्यासमोर त्याला हात पसरायला लावू नका.

बिल्टीच्या मागे फिकट शाईत 'सर्व वाद दिल्ली न्यायक्षेत्रात' असंही छापलेलं असतं. लोक ते वाचून गप्प बसतात, म्हणून इथे मुद्दाम लिहिते: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. आणि गाडी दारात उभी करून सामानच दिलं नाही, परस्पर दुसरीकडे नेलं, तर वाहतूकदाराने केलेल्या विश्वासघातासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ (३) आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पोलीस चौकीत मात्र "हे दिवाणी आहे" हे ऐकायची तयारी ठेवावी लागते.

तुम्ही म्हणाल, भाव आधी पक्का बांधणं या धंद्यात शक्यच नाही. माझा भाचा न्यू जर्सीहून टेक्सासला गेला तेव्हा त्याने मला तिथला कागद पाठवला. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरसामान नेणाऱ्या कंपनीला लेखी अंदाज द्यावा लागतो आणि तो बांधील आहे की नाही हे त्यावर लिहावं लागतं. बांधील असेल तर यादीतल्या सामानाला आणि ठरलेल्या कामाला तेवढेच पैसे. बांधील नसेल तरी सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांपर्यंतच मागता येतात. तेवढे दिले की सामान सोडावं लागतं, वरचं काही असेल त्याचं बिल नंतर, तीस दिवसांची मुदत देऊन. शिवाय ग्राहकाचे हक्क सांगणारी सरकारी पुस्तिका कंपनीनेच त्याच्या हातात द्यायची. तिथे फसवणूक होत नाही असं नाही. तिथेही सामान ओलीस ठेवणारे भामटे आहेत, आणि भाच्याच्या मित्राला ते भेटलेही. पण निदान त्याला माहीत होतं की ११० च्या वर मागणारा माणूस नियम मोडतो आहे. मला नागपुरात रस्त्यावर उभं राहून तेवढंही म्हणता येत नव्हतं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा:

एक. घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय भाव देऊ नका. बघून झाल्यावर वस्तूंची यादी, माळ्यासकट, दोघांच्या सह्यांनी करा. भाव त्या यादीला बांधलेला असू द्या. यादीबाहेरचं काही निघालं तर वाढीव पैसे गाडी भरण्याच्या आधी सांगा, नंतर नाही.

दोन. कोटेशनवर एकच अंतिम रक्कम लिहा, जीएसटी, टोल, मजला, हमाली, फिटिंग सगळं धरून. 'पक्का भाव' की 'अंदाज' हे वर मोठ्या अक्षरांत. अंदाज असेल तर दहा टक्क्यांहून जास्त फरक सामान उतरवण्याच्या अटीला बांधायचा नाही.

तीन. विमा कंपनीचं प्रमाणपत्र गाडी निघण्याआधी मिळत नसेल तर 'इन्शुरन्स' हा शब्द कोटेशनवरून काढून टाका आणि त्याचे पैसेही. नुकसानीची तुमची जबाबदारी किती, हे रुपयांत लिहा.

चार. वाहतूकदाराचा नोंदणी क्रमांक, जीएसटी क्रमांक, गाडीचा क्रमांक, स्वतंत्र गाडी की पार्ट लोड, पोचण्याची तारीख आणि उशीर झाला तर दिवसाला किती भरपाई, हे कोटेशनवरच हवं. पैसे फक्त कंपनीच्या खात्यात.

पाच. हे सगळं मराठीत. आमच्या शिपायाचीही बदली होते.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला माझी वेगळी विनंती आहे. हॉटेलांच्या सेवा शुल्काबद्दल आपण २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, कोचिंग क्लासच्या जाहिरातींबद्दल २०२४ मध्ये. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे संकेतस्थळांवर ग्राहकाला चकवणाऱ्या क्लृप्त्यांच्या, तत्त्वांत तेरा प्रकार मोजले आहेत. त्यांत किमतीचा काही भाग आधी झाकून ठेवून शेवटी काढण्याचा प्रकारही आहे. घरसामान हलवणाऱ्यांचं बरंच गिऱ्हाईक आज संकेतस्थळांवरून आणि ॲपवरून येतं, तेव्हा हे तत्त्व इथे लागू होतं असं एका परिपत्रकाने स्पष्ट करा. एक नमुना कोटेशन काढा आणि तेच सक्तीचं करा. जी संकेतस्थळं आमचे नंबर घेऊन डझनभर कंपन्यांना विकतात, त्यांनी नोंदणी नसलेल्या कंपनीला ग्राहक दिला तर जबाबदारी त्यांचीही धरा. हॉटेलातल्या दहा टक्क्यांसाठी आपण एवढं केलंत. इथे फरक पन्नास टक्क्यांचा आहे, आणि वर माणसाचं अख्खं घर दुसऱ्याच्या ताब्यात.

परिवहन आयुक्तांनी नोंदणीकृत वाहतूकदारांची यादी जिल्हावार आणि नावाने शोधता येईल अशी जाहीर करावी. सारख्या वाटणाऱ्या नावांची, एका अक्षराच्या फरकाची इतकी दुकानं आहेत की पाटीवरून कुणी ओळखू शकत नाही.

आमच्या बँकेतल्या पुढच्या बदल्या एप्रिल-मेमध्ये निघतील. संघटनांनी त्याआधी वरच्या पाच मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या का नाहीत, हे लेखी आणि जाहीर कळवावं. ज्या कंपन्या होय म्हणतील त्यांची नावं मी आमच्या विभागातल्या प्रत्येक शाखेच्या सूचना फलकावर लावीन, ज्या नाही म्हणतील त्यांचं उत्तर शेजारी लावीन. माझी स्वतःची तक्रार जिल्हा आयोगात दाखल केली आहे.

कळावे,

आपली,
एक बँक अधिकारी, नागपूर